जुनी होडी, जुनं इंजिन : पैसे मोजण्याआधी



प्रभागसंघाच्या बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचायला घेतले की यादी साधारण पाठच असते. शेळी, शिलाई मशीन, किराणा, दाळ करायची गिरणी, म्हैस. त्यात एका गटाचा अर्ज निघाला, "जुनी होडी व इंजिन, रुपये ९०,०००." सगळ्याजणी हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "अगं माय, चाकूरला समुद्र कधी आला?"

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या गटातल्या बहुतेक बाया भोई घरातल्या आहेत. घरचे पुरुष मच्छीमार संस्थेचे सभासद, तलावात थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. बाया मासे साफ करून बाजारात बसतात. चप्पूवर एकच माणूस मावतो, वारं सुटलं की तोही उलटतो. मग कोकणातल्या एका ओळखीच्या माणसाकडून निरोप आला, की फायबरची होडी आहे, मागं आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आहे, नव्याच्या निम्म्याहून कमी भावात देतो. कुणाच्याही मनात येईल, घेऊन टाकावी.

अर्ज आम्ही नाकारला नाही, पण लगेच मंजूरही केला नाही. खरेदी समितीच्या तिघी आणि मी, असं आधी जाऊन बघायचं ठरलं. जाण्याआधी जे शिकलो आणि तिथं जे पाहिलं, तेच या अंकाचा पाठ म्हणून लिहिते आहे. होडी घेणाऱ्या गटांना तर हा उपयोगी पडेलच. पण फवारणीचा पेट्रोल पंप, पाण्याचं इंजिन, जुनी मोटारसायकल असं काहीही जुनं घेताना यातलं निम्मं लागू पडतं.

टू-स्ट्रोक म्हणजे काय

तुमच्यापैकी ज्यांनी लुना पाहिली आहे, त्यांना अर्धं आधीच कळलेलं आहे. लुना १९७२ साली आली. पेट्रोल पंपावर गेलं की पेट्रोलसोबत ऑईल मागावं लागायचं, आणि मागून निळसर धूर निघायचा. जुनी बजाज चेतक, राजदूत ही त्याच जातीची. पाठीवरचा पेट्रोलचा फवारा आणि गवत कापायचं यंत्र आजही बरंचसं तेच आहे.

या इंजिनात ऑईल साठवायची वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, तेच आतल्या भागांना वंगण देतं आणि जळून बाहेर पडतं. इंजिन हलकं असतं, भाग कमी, दुरुस्ती सोपी. म्हणूनच जगभरच्या मच्छीमारांनी ते उचललं. होडीच्या मागं टांगायचं इंजिन अमेरिकेत १९०९ पासून विकायला लागलेले ओल एव्हिनरूड यांची बायको बेस ही त्या धंद्याचे हिशेब आणि जाहिराती सांभाळायची. नवऱ्यानं यंत्र बनवलं, बायकोनं ते विकून दाखवलं. आपल्या गटांसारखंच म्हणायचं. ती एव्हिनरूड इंजिनं २०२० साली बंद झाली. हे मुद्दाम सांगते, कारण जुन्या इंजिनाचा पहिला प्रश्न "चालतं का" हा नसून "याचे सुटे भाग अजून मिळतात का" हा आहे.

दोष दोन. एक, पेट्रोल जास्त पितं. दुसरा, जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये वीस ते तीस टक्के इंधन न जळताच बाहेर जातं, आणि होडीच्या इंजिनाचा धूर पाण्याखाली सोडलेला असतो. म्हणजे ते ऑईल-पेट्रोल थेट पाण्यात. अमेरिकेत टाहो नावाचं मोठं सरोवर आहे, तिथं अशा जुन्या इंजिनांना १९९९ पासून बंदी आहे.

आपण कशाला टाहोची काळजी करायची, असं म्हणाल. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं, पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. मांजरा, घरणी, साकोळ, तिरू, असल्या धरणांतलं पाणी आपल्याकडे आधी पिण्याचं आहे आणि मग बाकी कशाचं. तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या तलावात इंजिन चालवायला परवानगी आहे का, हे पाटबंधारे खात्याकडे आणि मच्छीमार संस्थेकडे आधी विचारायचं. तोंडी नाही, लेखी.

पाण्याचा हक्क आधी

हे मी वर घालायला हवं होतं. होडी स्वतःची असली तरी तलाव स्वतःचा नसतो. तलावातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. गटातल्या बाया संस्थेच्या सभासद आहेत का? नसतील तर होडी कुणाच्या भरवशावर पाण्यात उतरणार? त्या गटात फक्त दोघी सभासद निघाल्या. बाकीच्यांच्या घरचे पुरुष सभासद. उद्या नवऱ्याचं आणि संस्थेचं बिनसलं तर होडी दारात उभी राहील आणि कर्ज मात्र गटाच्या डोक्यावर राहील. आता त्या सगळ्याजणींनी सभासदत्वाचे अर्ज दिले आहेत. या कामासाठी लातूरला सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय आहे.

तिथं आणखी एक विचारायचं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी मंजूर खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदत धरलेली आहे. तुमच्या कामाला ती मिळते का, कशासाठी मिळते, हे खरेदीच्या आधी विचारा. पूर्वसंमतीआधी घेतलेल्या मालाला अनुदान मिळत नाही, हे ठिबकच्या वेळी आपल्यातल्या कितीतरी जणींनी पैसे घालवून शिकलं आहे. त्याच योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे, मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये. घरचा माणूस पाण्यात जातो त्या प्रत्येक घरानं तरी त्यात नाव आहे का ते बघावं.

हप्ता नव्हे, पेट्रोल

गटानं हिशेब केला होता, पण हप्त्याचा. ९०,००० रुपये, चोवीस महिने, म्हणजे महिन्याला ३,७५० मुद्दल, आणि शेकडा एक रुपया व्याजानं पहिल्या महिन्यात ९०० व्याज. एकूण ४,६५०. "एवढं निघतंच की," असं त्यांचं म्हणणं.

मग आम्ही फळ्यावर पेट्रोल मांडलं. आठ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला साधारण साडेतीन-चार लिटर पितं. जाळी टाकायला, काढायला जाऊन-येऊन दिवसाला चार लिटर धरू. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ४२०. ऑईल लिटरला २० मिली, म्हणजे ८० मिली. ५०० रुपये लिटरनं ४० रुपये. दिवसाचे झाले ४६०. महिन्यात वीस दिवस पाण्यात गेलं तर ९,२००.

हप्त्याच्या जवळजवळ दुप्पट! बाया गप्प झाल्या. मग त्यांच्यातलीच एक, जी रोज बाजारात बसते, ती म्हणाली, "ठोक भाव १२० धरला तर रोज पहिले चार किलो मासे पेट्रोललाच गेले म्हणा की." चार किलो रोहू-कटला रोज, आणि तेही इंजिन बिघडलं नाही तर.

इथले भाव तुम्ही तुमच्या गावचे घाला, पण मांडणी हीच ठेवा. कर्जाचा अर्ज लिहिताना आपण वस्तूची किंमत लिहितो, ती वस्तू रोज काय खाते ते लिहीत नाही. म्हैस घेताना मात्र पेंड बरोबर धरतो.

आणखी एक गोष्ट फळ्यावर मांडली. विष्णुपुरीचा शंकरसागर किंवा भरलेला मांजरा असं लांबरुंद पाणी असेल तर इंजिनाला अर्थ आहे. मध्यम तलावात जिथं एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक ऐकू जाते, तिथं चांगली होडी आणि दोन वल्हीही पुष्कळ. आणि मार्चनंतर पाणी आटलं की होडी गाळात बसते, हप्ता काही थांबत नाही.

बघायला गेलो तेव्हा

चाकूरहून कोकण किनारा चारशे किलोमीटरच्या पुढं. एवढं लांब जाऊन रिकाम्या हातानं परतायचं जिवावर येतं, आणि विकणाऱ्याला ते बरोबर कळतं. म्हणून निघतानाच आम्ही ठरवलं होतं, की पसंत पडलं तरी त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. गाडीभाडं गेलं तर गेलं.

पोचल्यावर पहिलं काम, इंजिनाला हात लावून बघणं. थंड असायला हवं. आम्ही हात लावला तर कोमट होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलेलं. जुनं इंजिन गरम असताना एका दोरीत चालू होतं, खरी परीक्षा थंड असताना. आम्ही म्हटलं, चहा घेऊ, जेवू, मग बघू. दोन तासांनी दोरी ओढली तर अकरा वेळा ओढावी लागली. विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दोरी ओढतानाच एक गोष्ट कळते. हाताला घट्ट अडखळल्यासारखं लागलं पाहिजे. सुळकन आली तर आतला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, गेलेलं. मेकॅनिककडे दाब मोजायचं मीटर असतं. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखा हवा, एकात दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर सोडून द्या.

प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा, कोरडा तपकिरी असला तर बरं. काळा, ओला, तेलकट असेल तर इंजिन नीट जळत नाही. पांढराफटक असेल तर ते तापलेलं आहे. प्लगवर चमकदार बारीक कण दिसले तर पिस्टन झिजतोय, तिथून पुढं बोलायचंच नाही.

आता पाणी. हे इंजिन पाण्यानंच थंड होतं. खाली एक छोटा पंप असतो, त्यात रबरी पंखा असतो, त्याला इंपेलर म्हणतात. तो पाणी वर ओढतो आणि मागं एका भोकातून बारीक धार बाहेर पडते. धार सलग आणि जोराची हवी. धार नाही तर इंजिन लगेच बंद करायचं. हे इंजिन कोरड्यावर कधीही चालवून बघायचं नाही, रबर काही क्षणांत जळतं. "जमिनीवरच चालू करून दाखवतो" म्हणणाऱ्याला थांबवा. दोनशे लिटरचा ड्रम पाण्यानं भरून त्यात इंजिनाचा खालचा भाग बुडवायचा. समुद्रातलं इंजिन असेल तर आत मिठानं वाटा बुजलेल्या असतात, म्हणून धार पाच-दहा मिनिटं तरी बघायची. सुरुवातीला चांगली असते, नंतर मंदावते.

यापुढचं आमच्यातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या ताईनं पकडलं. ती पंख्याजवळ बसली, पंखा हातानं फिरवून बघितला, मग वाकून आत बोट घातलं आणि नायलॉनच्या जाळ्याचा दोरा ओढून काढला. चांगला हातभर! म्हणाली, "जाळं गुंडाळलेलं हाय आत." जाळ्याचा दोरा पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला की आतलं सील कापलं जातं आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. आम्ही लगेच खालचा गिअर ऑईलचा स्क्रू थोडा सैल करायला लावला. ऑईल आलं ते दुधाळ, चहात दूध घातल्यासारखं. पाणी शिरलेलं होतं. गिअरचं काम म्हणजे मोठा खर्च, आणि आपल्याकडचा मोटारसायकलवाला मेकॅनिक कार्बोरेटर साफ करून देईल, प्लग बदलून देईल, पण गिअर आणि पाण्याचा पंप त्याच्या हातचा नाही.

ती ताई सही करते आणि थांबते, त्यापुढं लिहीत नाही. पण जाळी विणून तिची बोटं तयार आहेत. खरेदी समितीत कोणाला घ्यायचं हे ठरवताना आपण "जिला इंग्रजी वाचता येतं ती" असा विचार करतो. त्या दिवशी इंजिनावरची इंग्रजी पाटी मी वाचली, आणि तिचा काहीच उपयोग झाला नाही.

पाटीवरचा नंबर मात्र लिहून घ्यायचाच. नंबर खरवडलेला असेल किंवा पाटीच नसेल तर ते इंजिन चोरीचं असू शकतं. नंबर आणि जुनं बिल जुळतं का ते बघा.

होडीची मागची फळी, जिथं इंजिन टांगतात, ती सगळ्यात आधी कुजते. फायबरच्या आत तिथं लाकूड असतं. नाण्यानं किंवा हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर आत कुजलेलं. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली दाबा, फळी हलली किंवा तडा उघडला तर नको. तळाला घागरभर पाणी आतून ओतून बाहेरून कुठं पाझरतं ते बघता येतं. ताजा रंग दिसला तर खूश होऊ नका, रंगाखाली काय झाकलंय ते विचारा. आणि इंजिनाचा दांडा होडीच्या फळीच्या उंचीला जुळतो का तेही बघायचं. १५ इंची आणि २० इंची असे दोन दांडे जास्त चालतात. आखूड फळीला लांब दांडा लावला तर उथळ तलावात पंखा गाळात रुततो.

ऑईल, पेट्रोल, आणि पदर

घेतलंच तर पुढच्या गोष्टी सांभाळायच्या. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं ऑईल लागतं. मोटारसायकलचं टू-टी ऑईल स्वस्त पडतं म्हणून घालू नका. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असतं. बऱ्याच इंजिनांना पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर ऑईल, म्हणजे लिटरला २० मिली, पण फार जुन्यांना त्याच्या दुप्पट लागतं. औषधाच्या बाटलीचं माप वापरा, अंदाजानं ओतू नका. ऑईल कमी पडलं तर इंजिन एका फेरीतच जाम होतं.

काही इंजिनं पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर चालवायची असतात. किनाऱ्यावर ती पुष्कळ दिसतात. स्वस्त म्हणून कुणी देईल, पण गॅस आल्यापासून आपल्या घरात रॉकेल उरलेलं नाही, होडीला कुठून आणणार?

आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्या फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. म्हणून नळ्या नव्या घालायच्या आणि टाकीत महिनाभर पेट्रोल ठेवायचं नाही.

साडीचं सांगायचं राहिलं. जुन्या इंजिनाच्या वरचं झाकण बऱ्याचदा हरवलेलं असतं आणि आत चाक फिरत असतं. पदर, वेणी, ओढणी त्यात गेली तर इंजिन थांबायच्या आत व्हायचं ते होऊन जातं. झाकणाशिवाय चालू करायचं नाही, पदर खोचायचा, केस बांधायचे. इंजिन बंद करायची दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं. जुन्यात ही दोरी नसते, ती बसवून घ्या. आणि जितकी माणसं होडीत, तितकी लाईफ जॅकेट. त्यांची किंमत कर्जाच्या अर्जातच धरायची, "नंतर घेऊ" म्हटलेली जॅकेटं कधी येत नाहीत.

व्यवहार

आम्ही ते इंजिन घेतलं नाही. होडी मात्र चांगली होती, मागची फळी टणटणीत. विकणारा आधी म्हणाला, दोन्ही घ्या नाहीतर काहीच नाही. आम्ही बसला बसून परत आलो. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. नुसती होडी गटानं ३८,००० रुपयांत घेतली, टेम्पोभाडं वेगळं. वल्ही इथल्या सुताराकडून करून घेतली. उरलेल्या मंजूर रकमेतून फास जाळी आणि बर्फाची पेटी घेतली. बर्फाच्या पेटीवर गटात अजून वाद चालू आहे, दोघींना वाटतं ती आधी घ्यायला हवी होती.

पैसे गटाच्या खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात दिले. रोख एक रुपयाही नाही, विसारसुद्धा खात्यातूनच आणि कागदावर लिहून. बिल गटाच्या नावानं. टेम्पोवाला, विकणारा, घरचे पुरुष, सगळे म्हणत होते की एकाच्या नावावर करा, सोपं पडतं. ज्याच्या नावावर बिल, त्याची होडी. दहाजणींनी हप्ते भरायचे आणि होडी एकीच्या दिराची, असं होऊ देऊ नका.

घेण्याआधीचा ठराव, कोण चालवणार, रोजच्या माशांची नोंद कोण ठेवणार, होडी रात्री कुठं बांधायची आणि कुलूप कुणाकडे, हे सगळं बैठकीच्या वहीत लिहिलेलं आहे. ज्या गटांना तसा ठराव हवा असेल त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडून त्याची झेरॉक्स मागून घ्यावी. गेल्या महिन्याची माशांची नोंदवही मी पाहिली, त्यात सात दिवसांचे रकाने कोरे आहेत. विचारलं तर म्हणाल्या, त्या दिवशी घाई होती. पुढच्या मासिक बैठकीत त्या सात दिवसांचा हिशेब घेऊन यायला त्यांना सांगितलं आहे.